दरेकसा येथील बोगदा व भोरघाटांतील सोडलेला लोहमार्ग

गोंदिया जिल्ह्याच्या पूर्व टोंकास, सालेकसा तालुक्यांत, दरेकसा हें लहानसें स्टेशन आहे. नागपुराहून हावड्याकडे जाणारी आगगाडी येथून पुढें डोंगरांत शिरते, बोगद्यांतून पार होते आणि बोरतलाव स्टेशनाशीं छत्तीसगडांत निघते. याच डोंगराळ मुलखांत कचारगडची प्रचंड नैसर्गिक गुहा असून माघी पौर्णिमेस तेथें गोंड समाजाची मोठी यात्रा भरते. या गुहेंत कोंडून पडलेल्या मुलांची सुटका पारी कुपार लिंगो याच्या योगानें झाली, अशी गोंडांची परंपरा आहे. हिरासुका नांवाच्या वादकानें वाद्याच्या नादानें मुलांस चेतविलें, सर्वांनीं एकदम जोर करून गुहेच्या तोंडावरील शिळा ढकलली, आणि ती घसरत येऊन तिच्याखालीं हिरासुका चिरडला गेला, असें सांगतात. लिंगोची कथा नागपूरचे पाद्री स्टीफन हिस्लॉप यांनीं टिपून ठेविली होती. ते १८६३ सालीं वारल्यावर त्यांचे कागद रिचर्ड टेंपल यांनीं १८६६ मध्यें छापून काढले. त्या पाठांत गोंडांस गुहेंत कोंडणारा महादेव आहे. हल्लींच्या मौखिक पाठांत व त्या छापील पाठांत इतरहि भेद पुष्कळ आहेत. पण तो स्वतंत्र लेखाचा विषय होईल.

येथें ही कथा काढण्याचें कारण निराळें आहे. या डोंगरांत एका शिळेखालीं मेलेल्या एका माणसाचें नांव लोकांनीं पिढ्यानुपिढ्या जपलें. त्याच मुलखांत आगगाडीसाठीं डोंगर फोडणाऱ्या माणसांपैकीं एकाचेंहि नांव कोणी घेत नाहीं. हें असें कां व्हावें, आणि त्यांचा कांहीं माग लागतो कीं काय, या शोधांत प्रस्तुत लेखकाचीं सेवानिवृत्तीनंतरचीं कांहीं वर्षें गेलीं.

प्रथम आमच्या मार्गाचा वृत्तान्त थोडक्यांत सांगतों. जी. आय. पी. रेल्वे १८६७ सालीं भुसावळकडून नागपुरास पोंचली. छत्तीसगड हें धान्याचें कोठार. तेथील धान्य बाहेर निघावें या हेतूनें नागपुराहून पूर्वेस मीटर गेजचा ‘नागपूर-छत्तीसगड’ लोहमार्ग काढण्यांत आला. तो सुमारें १५० मैलांचा असून १८८२ सालीं राजनांदगांवपर्यंत पोंचला. पुढें १८८७ मध्यें बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली. तिनें हा मार्ग हातीं घेऊन ब्रॉड गेज केला आणि बिलासपुरावरून आसनसोलपर्यंत वाढविला. १ फेब्रुवारी १८९१ रोजीं ही सर्व वाट मालवाहतुकीस खुली झाली. म्हणजे मीटर गेजचे रूळ पुरते गंजलेहि नसतील, तोंच ते उखडले गेले. नॅरो गेजला आयुष्य अधिक लाभलें, पण अखेर तीच गत झाली. अडीच फूट रुंदीचा सातपुड्याचा फांटा गोंदियाहून नैनपुरास १९०३ सालीं व जबलपुरास १९०५ सालीं गेला. गोंदिया-नागभीड शाखा १९०८ सालीं सुरू झाली. आज यांपैकीं नॅरो गेजचा एकहि रूळ जागेवर नाहीं. नागभीडकडील काम गेलें शतक सरतां सरतां झालें, बालाघाटाकडील त्यानंतर कांहीं वर्षांनीं. आणि नैनपूर-जबलपूर ही छोटी गाडी २०१५ सालीं बंद पडली. पोथी लिहिणारा चुकलेल्या अक्षरावर हरताळ लावून त्यावर नवें अक्षर काढतो, तसा हा प्रकार आहे. खालचें अक्षर वाचावयाचें तर पान उजेडासमोर तिरपें धरावें लागतें.

तें तिरपें धरण्याचा पहिला प्रयत्न मजकडून कसा फसला, तें सांगण्यास संकोच वाटतो. तथापि संशोधनांत चूक लपविणें हा मोठा दोष असल्यामुळें सांगतों. बोगद्यांतून अहोरात्र गाड्या धांवत असल्यानें आंत जाणें नियमबाह्य व जिवावरचें. म्हणून रुळांपासून दूर, डोंगराच्या उतारावर एके ठिकाणीं फोडलेला खडक होता, तो पाहात होतों. त्यावर एकाखालीं एक नव्हे, तर एकाशेजारीं एक अशा उभ्या, सरळ, सारख्या अंतरावरच्या रेघा दिसल्या. जन्मभर अक्षरांत डोळे घातलेल्या माणसास जें वाटावयाचें तेंच मला वाटलें. शाई व कागद नेऊन ठसा घेतला. घरीं येऊन ब्राह्मी वर्णमालेशीं ताडून पाहूं लागलों, तों सारे ‘र’कार! अशोककालीन ब्राह्मींत उभी रेघ म्हणजे ‘र’. नऊ ‘र’कारांचा अर्थ लावण्यांत तीन रात्री गेल्या. चौथ्या दिवशीं घराच्या ओट्याचें काम करण्यास एक वृद्ध पाथरवट आला होता; त्यानें ठसा पाहिला आणि तो हंसूं लागला. म्हणाला, “गुरुजी, ही पहारेची खूण आहे. दगडाला भोक पाडलं, बार भरला, अर्धा दगड उडाला, अर्धा राहिला. राहिलेल्या दगडात अर्धं भोक दिसतं.”

त्या एका वाक्यानें लेखकाचे ‘र’कार गेले, पण वाचावयाची लिपि हातीं आली. त्या वृद्धानें पुढें जें सांगितलें त्याचा सारांश असा. एक माणूस पहार धरून प्रत्येक ठोक्याबरोबर ती थोडी फिरवितो, दुसरे घणाचे घाव घालतात; भोंक हात-दीड हात खोल झालें कीं आंतील भुकटी काढून दारू भरतात, वर माती ठांसतात आणि वात लावून पळतात. पहारेनें पडलेल्या भोंकाचें एक टोंक उघडें व एक बंद असतें. काम ज्या दिशेस सरकत होतें त्या दिशेस बंद टोंक असावयाचें. तेव्हां भिंतीवर उरलेल्या अर्ध्या नळ्या पाहून खोदणारे कोणत्या तोंडाकडून आले तें सांगतां येतें. आमच्यापैकीं किती जणांनीं लेण्यांच्या भिंती या दृष्टीनें पाहिल्या आहेत?

परंतु जो बोगदा वापरांत आहे तो वाचतां येत नाहीं. सोडून दिलेला बोगदा हवा. ज्याचें लिहिणें थांबलें त्या दिवशींचीच अक्षरें त्यावर राहतात. असा मार्ग आपल्या महाराष्ट्रांत भोरघाटांत, कर्जत व खंडाळा यांच्या दरम्यान, आहे. एकदां पुण्यास कांहीं पोथ्या पाहण्यासाठीं गेलों असतां, घाट ठाऊक असलेल्या दोघां तरुण मित्रांसह तिकडेहि जाऊन आलों. तेथें काय पाहिलें तें समजावयाचें तर घाटाचा इतिहास आधीं पाहिला पाहिजे.

भोरघाटांतून गाडीरस्ता १८३० सालीं सर जॉन माल्कम गव्हर्नर असतां झाला. लोहमार्गाचें काम १८५६ च्या जानेवारींत सुरू झालें. जी. आय. पी. रेल्वेचे मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कली यांनीं आंखलेला हा चढ १५ मैल ६८ सांखळ्या लांब असून त्यांत १८३१ फूट उंची गांठावयाची होती. कांहीं ठिकाणीं ३७ फुटांस एक फूट इतका तीव्र चढ ठेवणें भाग पडलें. बोगदे २५, त्यांची एकूण लांबी दोन मैलांहून अधिक. शिवाय दगडी कमानींचे आठ पूल. खंडाळ्याहून पुण्यापर्यंतचा सपाटीवरील मार्ग १८५८ च्या जूनमध्येंच खुला झाला होता. त्यामुळें पुढील पांच वर्षें उतारूंनीं खोपोलीस गाडी सोडून पालखींतून, तट्टावरून किंवा पायीं घाट चढावा आणि खंडाळ्यास पुन्हा गाडींत बसावें, असा क्रम चालला. २१ एप्रिल १८६३ रोजीं गव्हर्नर सर बार्टल फ्रीअर यांच्या हस्तें घाटाचें उद्घाटन झालें. बर्कली आदल्या वर्षींच इंग्लंडांत वारले होते.

दारूच्या जोरावर व मनुष्यबळावर हें सारें झालें. डायनामाइटचा शोध १८६७ चा, म्हणजे नंतरचा. काळ्या पाषाणाचे कडे इतके सरळ कीं जेथें उभें राहण्यास जागा नाहीं तेथें मजूर दोरांनीं खालीं सोडीत, आणि ते लोंबकळत असतांच पहारेनें पहिलें भोंक पाडीत. १८६१ च्या जानेवारींत या कामावर ४२,००० माणसें होतीं. पावसाळ्यांत काम मंदावे, उन्हाळ्यांत पटकी येई. मृतांची संख्या हजारोंनीं मोजावी लागते, याविषयीं अभ्यासकांत दुमत नाहीं. कांहीं जण ती पंचवीस हजारांच्या आसपास नेतात. परंतु त्या आकड्यास नांवनिशीवार आधार नसल्यामुळें आम्ही तो आग्रहानें मांडीत नाहीं.

पहिला कंत्राटदार फॅव्हियल. त्याच्या अमदानींत मजुरी थकल्यावरून १८५९ च्या आरंभीं घाटांत दंगा झाला आणि त्याच वर्षीं त्यानें काम सोडलें. या दंग्याची परिणति १८६० च्या नवव्या कायद्यांत झाली. धनी व मजूर यांच्या वेतनाच्या तंट्यांचा निवाडा करण्याचा तो कायदा होय. म्हणजे ज्यांचीं नांवें कोणी लिहिलीं नाहींत, त्यांनीं कायद्याच्या पुस्तकांत एक कलमी खूण मात्र ठेविली. फॅव्हियलच्या जागीं सॉलोमन ट्रेडवेल आला. तो हिंदुस्थानांत उतरल्यावर थोड्याच दिवसांत मरण पावला. त्याची विधवा ॲलिस ट्रेडवेल हिनें माघार न घेतां कंत्राट चालविलें आणि ॲडमसन व क्लाऊसर या इंजिनिअरांकडून तें तडीस नेलें. ही बाई खरोखर धैर्याची, आणि तिची आठवण राहिली हें योग्यच झालें. परंतु कंत्राटदाराचें, त्याच्या विधवेचें, इंजिनिअरांचें, गव्हर्नराचें, इतक्या सर्वांचीं नांवें सांपडावींत आणि बेचाळीस हजारांपैकीं एकाचें सांपडूं नये, ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकास टोंचल्यावांचून राहात नाहीं.

आतां सोडलेल्या मार्गाविषयीं. डोंगराची सोंड अरुंद, आणि चढ तर ठराविक मर्यादेंतच ठेवावयाचा. म्हणून बर्कली यांनीं खंडाळ्याच्या खालच्या अंगास एक ‘रिव्हर्सिंग स्टेशन’ योजिलें. गाडी चढत येई, सोंडेच्या टोंकाशीं थांबे, इंजिन सुटून दुसऱ्या टोंकास लागे, आणि गाडी उलट्या तोंडानें, पण वरच्या पातळीवरून, पुढें निघे. नांगरणारा शेतकरी बांधाशीं बैल वळवितो, तशीच ही गति. थळघाटांतहि हीच युक्ति योजिली होती; तेथें १३ बोगदे असून चढ ९७२ फुटांचा होता. भोरघाटांतील ही व्यवस्था साठ-पासष्ट वर्षें चालली. गाड्या लांब व जड झाल्या, थांबण्यांत वेळ जाऊं लागला. मार्गावर विजेचीं इंजिनेंहि यावयाचीं होतीं. तेव्हां अधिक लांबीचे नवे बोगदे खोदून मार्ग बदलण्यांत आला आणि १९२९ सालीं रिव्हर्सिंग स्टेशन कायमचें बंद झालें. त्याच वर्षीं कल्याण-पुणें मार्गावर विजेच्या गाड्या धांवूं लागल्या.

येथें एका पाठभेदाचा उलगडा करतां येतो. भोरघाटांतील बोगदे कोणी २५ लिहितात, कोणी २८, आणि परस्परांस चुकीचे ठरवितात. दोघेहि आपापल्या काळापुरते बरोबर आहेत. २५ ही १८६३ ची संख्या. पुढें मार्ग बदलला, कांहीं बोगदे सुटले, नवे झाले, त्यावर आणखी मार्ग वाढले. पोथीचा काळ न सांगतां पाठ उद्धृत करूं नये हा आपला नेहमींचा नियम बोगद्यांसहि लागू आहे. इतकेंच नव्हे, तर १८६३ चें बांधकाम म्हणून जें दाखविण्यांत येतें त्यांतील कांहीं भाग दुसऱ्या हातचा असूं शकतो. म्हाऊकी मळी येथील आठ कमानींचा पूल १८६७ च्या जुलैंत कोसळला व पुन्हा बांधावा लागला, हें उदाहरण पुरेसें आहे.

सोडलेल्या मार्गावरील एका बोगद्याच्या तोंडाशीं आम्ही उभे राहिलों तेव्हां पावसाळा नुकताच संपला होता. आंतून गार वारा येत होता आणि वटवाघुळांचा उग्र वास. छतावर वाफेच्या इंजिनांची काजळी अजून जाड बसलेली आहे. बोट लावलें तर काळें होतें. रूळ नाहींत, खडी बरीचशी चिखलाखालीं गेलेली. विटांचें किंवा चिऱ्यांचें अस्तर नाहीं, खडक उघडा. मित्रांनीं विजेची बत्ती भिंतीशीं लावून तिरपा उजेड पाडला, आणि एकदम त्या अर्ध्या नळ्या दिसूं लागल्या. प्रथम सर्व आंतल्या दिशेस जाणाऱ्या. पन्नास-साठ पावलें तसेंच. मग कांहीं अंतर भिंत अशी खडबडीत कीं खूण ओळखूं येईना. त्यापुढें पुन्हा नळ्या, पण आतां बंद टोंकें आमच्याकडे! दोन तोंडांकडून आलेल्या दोन टोळ्या येथें कोठें तरी भेटल्या. छतास त्या जागीं सुमारें वीतभर पायरी आहे. एका टोळीचा माथा दुसरीपेक्षां किंचित् उंच आला होता.

तेथें उभें असतां मजसारख्या संस्कृताच्या माणसास एक शब्द आठवल्याखेरीज राहाणें शक्य नव्हतें. लाक्षागृहांतून पांडवांस बाहेर काढण्यासाठीं विदुरानें एक खनक पाठविला आणि त्यानें जमिनीखालून वाट खणली, ही आदिपर्वांतील कथा सर्वश्रुत आहे. अशा वाटेस संस्कृतांत ‘सुरुङ्गा’ म्हणतात. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांतहि तो शब्द येतो, आणि त्याचें मूळ ग्रीक ‘सिरिंक्स’ म्हणजे नळी या शब्दांत आहे असें पंडित मानतात. मराठींत मात्र ‘सुरुंग’ म्हणजे दारूचा बार. वाटेचें नांव वाट पाडणाऱ्या साधनास गेलें, आणि वाटेस ‘बोगदा’ हा देशी शब्द मिळाला. ज्याला आम्ही ‘अमृतांजन पूल’ म्हणून ओळखूं अशी बांधतांना कोणास कल्पनाहि नव्हती, तो घाटरस्त्यावरील १८३० चा जुना पूल २०२० च्या एप्रिलमध्यें सुरुंग लावूनच पाडण्यांत आला. पांडवांच्या खनकाचेंहि नांव, लक्ष्यांत घ्यावें, कथेंत नाहीं. तो विदुराचा माणूस एवढेंच.

याउलट या घाटाच्या आसमंतांतच दोन जुने पुरावे आहेत. राजमाचीच्या पायथ्याशीं कोंढाण्याचें लेणें आहे. तेथील ब्राह्मी लेखांत, कण्हाचा शिष्य बलक यानें हें केलें, असें आहे. लोणावळ्याजवळ कार्ल्याच्या चैत्यगृहांत दाते तर पुष्कळ आहेतच. परंतु धेनुकाकट येथील सामि नांवाच्या सुतारानें दर्शनी भागाचें काम केलें, अशीहि नोंद तेथें कोरलेली आहे. दोन हजार वर्षांपूर्वीं याच काळ्या पाषाणाशीं झुंजलेल्या बलकाचें व सामीचें नांव आज आपण वाचतों. त्याच डोंगराच्या दुसऱ्या अंगास १८६३ सालीं पुरा झालेला बोगदा आहे, आणि त्याच्या भिंतीवर लेखकाच्या नऊ ‘र’कारांसारख्या रेघांवांचून कांहीं नाहीं. बोगद्याला नांव नसतें, नंबर असतो.

हीं नांवें मुळांत लिहिलींच गेलीं नाहींत असें मात्र मानूं नये. कंत्राटदाराच्या हाताखालीं मुकादम असत आणि मजुरांची भरती, उचल व चुकता हे व्यवहार त्यांच्यामार्फत होत. वडार, बेलदार, पाथरवट, तसेच घाटाखालचे व देशावरचे कुणबी अशा अनेक जातींचीं माणसें टोळ्यांनीं कामावर येत. टोळीच्या प्रमुखास पैसे देऊन हिशेब न ठेवणारा मुकादम विरळा. तो हिशेब इंग्रजींत नसणार. मोडींत, रोजकीर्दीच्या धर्तीवर, लांब बंदांवर असणार. रेल्वे कंपनीच्या दप्तरांत त्याची जागा नव्हती, म्हणून तो मुकादमाच्या घरींच राहिला असला पाहिजे. आणि घरांतील मोडी कागदांचें पुढें काय होतें तें या त्रैमासिकाच्या वाचकांस मीं सांगावें असें नाहीं. बहुतेक चुलींत जातात, उरलेले आपल्यासारख्यांच्या हातीं येतात.

आपण जेव्हां एखादें रुमाल सोडतों तेव्हां सनदा, वतनपत्रें, महजर प्रथम वेगळे काढतों आणि किरकोळ हिशेबाचे बंद ‘इतर’ म्हणून पुन्हा बांधून ठेवतों. मीहि तसेंच करीत आलों. आतां माझी विनंति अशी कीं, कर्जत, खालापूर, मावळ या भागांतील दप्तरांत शके १७७७ ते १७८५ च्या दरम्यानच्या कोणत्याहि हिशेबी कागदांत पहार, दारू, दोर, खडक, हजेरी, उचल असे शब्द दिसल्यास ते बंद टाकून देऊं नयेत. त्यांतील नांवें, गांवें व रोज उतरून घ्यावे आणि कागदाची लांबी-रुंदी व शाई यांसह नोंद मंडळाकडे धाडावी. नागपूर, भंडारा व गोंदियाकडील संग्राहकांनीं शके १८०० ते १८१३ हीं वर्षें पाहावींत. आमच्याकडील कागद मोडीबरोबर नागरींतहि सांपडतात. दरेकसा येथील नऊ रेघांचा ठसा मीं जपून ठेविला असून, ज्यांस तो ताडून पाहावयाचा असेल त्यांस त्याची प्रत पाठवितां येईल.